दोरी तुटली, एवढंच लिहा

नाही नाही, उठू नका — आणि बोलायचा तर प्रयत्नच करू नका, बाहेर सिस्टरनं मला दम देऊन आत सोडलंय, पेशंटचा जबडा तारेनं बांधलाय, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, तुम्ही त्यांना बोलायला लावलंत तर माझ्याशी गाठ आहे. म्हटलं, बाई, तुम्ही निर्धास्त राहा, मी असलो की समोरच्यावर बोलायची वेळच येत नाही, आमची ही गेली तीस वर्षं हेच सांगतेय. बसू ना? बसतो. स्टूल डुगडुगतंय. ओळखलंत ना मला? नाही, कपड्यात बघितलं नाहीये तुम्ही मला — म्हणजे तसं नाही, पाण्यातला काळा सूट असतो ना अंगावर, त्यामुळे. मी तो, लाटांवरच्या मोठ्या बोर्डवाला. हातात वल्हं घेऊन उभा असतो तो. ज्याचा बोर्ड मंगळवारी तुमच्या — हं. हो. तोच. अशी मान फिरवू नका हो डॉक्टर, ताण येईल.

आणि काय योग बघा, दातांचे डॉक्टर तुम्ही! हे मला काल कळलं. लोकांना जन्मभर ‘आ करा, आ करा’ म्हणायचं आणि — नाही, हसू नका, हसलात तर तार ओढली जाईल. चुकलं माझं. मी काही हसवायला आलो नाहीये. मी खरं तर — एक मिनिट, ही फरशी कोणी बसवलीय हो इथली? बघा ना, पाणी जायला पाहिजे तिकडे बाथरूमच्या जाळीकडे, आणि उतार दिलाय तुमच्या पलंगाखाली! रोज पुसायला येणारी बाई शिव्या घालत असेल. तीस वर्षं हेच काम करतोय मी, फरशीचं, त्यामुळे कुठेही गेलो की डोळे आधी खाली जातात. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही आधी फरशी बघितली. ही अजून बोलून दाखवते.

तर मुद्दा असा. रविवारी सकाळी शेडमध्ये बैठक आहे. आपण बोर्ड ठेवतो ती किनाऱ्यावरची पत्र्याची शेड. तुम्हाला येऊन चारच महिने झालेत, म्हणून सांगतो. आपल्याकडे पद्धत अशी, की पाण्यातल्या गर्दीत एकाचा बोर्ड सुटून दुसऱ्याला लागला, तर येत्या रविवारी सगळ्यांनी शेडमध्ये जमायचं — बसायचं नाही, पाण्यातून आलेलं तसंच ओल्या अंगानं उभं राहायचं, म्हणजे भाषणं लांबत नाहीत — आणि दोघांना विचारायचं. आधी ज्याचा बोर्ड त्याला, मग ज्याला लागलं त्याला. आणि ज्याला लागलं त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला सामान तुटलं, तर सामान तुटलं, विषय संपला, चहा प्या. तो म्हणाला यानं हातानं बोर्ड सोडला, तर एक सीझन पाण्याबाहेर. अख्खा सीझन! दारावर लाल रंगातली पाटी आहे बघा, ‘गर्दीत बोर्ड सोडेल तो एक सीझन बाहेर’ — ते अक्षर माझं. नियमही माझाच. आता तुम्ही रविवारी येऊ शकत नाही, आलात तरी बोलणार कसे, म्हणून म्हटलं तुम्हाला कशाला त्रास, मी लिहूनच आणलंय. हे घ्या. दोनच ओळी आहेत. ‘पायाला बोर्ड बांधायची दोरी तुटल्यामुळे बोर्ड सुटला. यात कोणाचीही चूक नाही.’ खाली सही. जबडा बांधलाय, हात तर मोकळा आहे ना? पेन पण आणलंय.

काय? वही हवीय? ही घ्या वही. लिहा, सावकाश लिहा... बघू. ‘छोटा बोर्ड का सोडलात?’ म्हणजे काय, तुम्हाला कोणी सांगितलं मी छोट्या बोर्डवर होतो ते? हां, शेडमधला फोटो. तो मीच. पोट नसलेला. अहो, कोणी हौसेनं सोडतं का? अठ्ठावीस वर्षं छोटा बोर्ड मारला मी. माझ्यापेक्षा जेमतेम वीतभर लांब, काखेत धरला की धरलाय असं वाटायचंही नाही. आणि त्याचं सगळं एका क्षणात असतं, हे तुम्ही आत्ताच शिकताय, तुम्हाला माहितेय — पोटावर झोपायचं, हातानं पाणी ओढायचं, लाट मागून उचलते, आणि उचललं की एका झटक्यात पायावर! एक म्हणायच्या आत. दोन म्हणालात की गेलात तोंडावर. आता माझा धंदा काय? गुडघ्यावर बसायचा. दिवसाला आठ तास गुडघ्यावर, तीस वर्षं. गुडघ्यांनी एक दिवस सांगितलं, बाबा रे, आम्हाला झटक्यात बिटक्यात काही जमणार नाही, आम्ही टप्प्याटप्प्यानं येतो. गेल्या वर्षी एका लाटेवर मी एक गुडघा उचलला, दुसरा उचलेचना, तसाच गुडघ्यावर, हात पसरून, थेट वाळूपर्यंत आलो. किनाऱ्यावरची एक म्हातारी बाई जवळ येऊन म्हणाली, फार छान वाटलं बघून, आजकाल देवाचं कोण करतं.

त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही मी. खरं सांगतो. हिनं विचारलं, म्हटलं पोट बिघडलंय. रडलो हो मोरीत. नळ सोडून. कोणाला सांगू नका — हां, सांगणार कसे म्हणा.

मग ही म्हणाली, तो उभ्याचा बोर्ड घे. अहो, माझ्या तोंडासमोर म्हणाली! तुम्हाला माहिती नसेल, पण त्या लोकांना ‘ढवळे’ हे नाव मीच पाडलं. वल्हं घेऊन उभे, पातेल्यात काहीतरी ढवळत असल्यासारखे. ‘आले ढवळे, भात लागला का बघा रे!’ — हे माझं वाक्य, अजून आपल्याकडे सगळे म्हणतात. कारण ते उभे असतात ना, त्यांना लांबून लाट दिसते, आपल्याला बसल्या जागी दिसायच्या आधी, आणि मोठा बोर्ड, हातात वल्हं, बाहेरच्या बाहेर लाट उचलून निघून जातात, आपण हात चोळत बसायचं. मी तर एकाचं वल्हं लपवून ठेवलं होतं आठवडाभर. तर असा मी, चोपन्नाव्या वर्षी, दार बिजागरीतून काढून आणल्यासारखा तो अकरा फुटी बोर्ड डोक्यावर घेऊन शेडपुढून चाललोय. नुसता एकानं चमचा वाजवला कपात. टिण टिण टिण.

आणि जमेना हो! अठ्ठावीस वर्षं पाण्यात, आणि सपाट पाण्यात पडतोय. कारण आपली सवय आडवं उभं राहायची, एक पाय पुढे, एक मागे, आणि इथे बस थांब्यावर उभे राहतो तसे दोन्ही पाय शेजारी ठेवून समोर बघायचं, मग लाट आली की पाय फिरवायचे. पोटऱ्या अशा थरथरायच्या, जशा कधी बायकोच्या वडिलांसमोर थरथरल्या नव्हत्या. आणि गंमत सांगू? वल्ह्याचं पातं थोडं वाकडं असतं, ते पुढच्या बाजूला झुकलेलं धरायचं. मी धरलं उलटं. मला वाटलं चमच्यासारखं असणार. तीन आठवडे उलटं! शेडमधल्या प्रत्येकाला दिसत होतं, चाळीस माणसं, एकानं सांगितलं नाही. शेवटी सांगितलं कोणी? ज्याचं वल्हं मी लपवलं होतं त्यानंच. आणि ‘बरं का’ म्हणून हळूच, बाजूला घेऊन. मला एवढी लाज वाटली, की मी त्याच्यावरच खेकसलो.

पण एक दिवस जमलं. सकाळी, सात वाजले असतील, कंबरेएवढी लाट. मी उभाच होतो, मागे वळून बघितलं, दोन हात मारले, पाय फिरवले — आणि डॉक्टर, उठायचं नव्हतं! कळतंय का? उठायचा प्रश्नच नव्हता, मी आधीच उभा होतो! सगळी लाट पायाखाली, वल्हं पाण्याला टेकवून वळतोय, पुन्हा वळतोय, कोणी घाई करत नाहीये. ओरडलो मी. काय ओरडलो आठवत नाही, चांगलं काही नसणार. वाटलं, अजून दहा वर्षं! दहा वर्षं कुठे गेली नाहीत माझी. असं हरवलेलं पाकीट खिशातच सापडावं तसं झालं बघा.

मग काय, सुटलोच मी. रोज. आणि खरं सांगायचं तर — बरं, सांगतो — हावरट झालो. दिसते ना लाट लांबून! दिसली की घे, दिसली की घे. तुम्ही मंगळवारी पाऊण तास रांगेत बसला होतात, छोट्या बोर्डवर, ओठ निळे पडलेले, बघितलं होतं मी. आणि माझ्या अकरा लाटा झाल्या होत्या. मोजल्या होत्या, हो. अकरावी घेऊन परत येताना तुमच्या शेजारून गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात — अगदी नीट म्हणालात, उद्धटपणानं नाही — ‘काका, एक तरी सोडा की आम्हाला.’ काका! अहो, त्या पाण्यात मला आजवर कोणी काका म्हटलं नव्हतं. भडव्या म्हटलंय, उल्लू म्हटलंय, पण काका? मी आपला तोंड फिरवून तुमच्या पुढे जाऊन उभा राहिलो. फुगून. पाठ करून.

असो. ते जाऊ द्या. तुम्ही सही करा. नाही, तुम्हाला वाटेल, हा माणूस कोण, याच्या शब्दावर सही का करायची. म्हणून सांगतो मी कसा माणूस आहे. आपल्या नियमाखाली बाहेर गेलेला पहिला माणूस कोण? माझा धाकटा भाऊ. सख्खा! अकरा वर्षांपूर्वी. माझ्यापेक्षा चांगला होता पाण्यात, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मोठी लाट अंगावर आली, यानं बोर्ड सोडून बुडी मारली, बोर्ड गेला मागच्या बाईच्या खांद्यावर. ओरखडा हो, नुसता ओरखडा, तुमच्यासारखं काही नाही. आणि ती बाई भली, रविवारी उभी राहून म्हणाली, ‘दोरी तुटली होती त्याची, मी बघितलं.’ झालं, तिचा शब्द शेवटचा, सुटला असता. मी काय केलं? मी शेडच्या मागे गेलो, याचा बोर्ड आणला, आणि घोट्याची दोरी सगळ्यांसमोर ताणून दाखवली. अखंड! इथून तिथपर्यंत अखंड. म्हटलं, भाऊ असला म्हणून काय झालं? गेला बाहेर. एक सीझन. असा माणूस आहे मी.

परत? नाही, परत नाही आला. सीझन संपला, बोर्ड देऊन टाकला कोणालातरी. येतो-जातो आमच्याकडे, जेवतो, हिच्याशी हसून बोलतो. पण आमच्या गच्चीतून समुद्र दिसतो ना, तर खुर्ची फिरवून बसतो. त्याचं त्याच्यापाशी. माझं म्हणणं काय, नियम म्हणजे नियम. आणि मी नुसतं तोंडानं बोलत नाही, हे बघा, पुरावा आणलाय. ही माझी दोरी. म्हणजे घोट्याकडचा तुकडा. बघा हातात घेऊन. तुटली बिचारी. जुनी झाली होती, उन्हानं कडक होतात या, आणि मोठ्या बोर्डाला ओढ पण केवढी बसते! आता हा पुरावा मी रविवारी — काय? टोक? टोकाचं काय? सरळ आहे. बरं मग? सरळ आहे म्हणजे चांगलंच आहे की. नाही, ताणून तुटली तर बारीक होऊन, फाटून तुटेल, हे मला कळतं, पण अहो माझा हातच तसा आहे, तीस वर्षं फरशी कापतोय, मी कापलं की ते सरळच —

पाणी देऊ का थोडं? नळी आहे इथे.

नको म्हणून हात हलवताय.

बरं. असे बघू नका माझ्याकडे. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं वाटतंय, हातात काय धरलंय ते दाखवत नाहीत आणि नुसतं बघतात. हो, कापली. मीच कापली. तुम्हाला गाडीत घालत होते, वाळूवर तुमचं रक्त सांडलेलं, सगळे तिकडे धावले, आणि मी शेडमध्ये. माझी कामाची सुरी असते पिशवीत. एका घावात. कशाला कापली ते तेव्हा मलाही कळलं नाही, हात आपोआप गेला. आणि हातानं काम पण चोख केलं, मेल्यानं! जरा वेडीवाकडी कापायची अक्कल नको?

मी सोडला बोर्ड. ऐका, एकदा सांगून टाकतो. ती मोठी लाट आली ना, बाहेरच फुटली, पांढरी भिंत. मोठ्या बोर्डवर असताना काय करायचं, बोर्ड धरून ठेवायचा, काही झालं तरी, कारण अकरा फूट बोर्ड आणि दहा फूट दोरी, सोडलात की वीस फुटांपर्यंत मागे जे असेल ते गेलं. हे मी लोकांना शिकवलंय. पण अंगात छोटा बोर्ड आहे ना अठ्ठावीस वर्षांचा! लाट बघितली की अंग म्हणतं, खाली जा. छोटा बोर्ड आपल्याबरोबर खाली दाबता येतो हो, हा दरवाजा कुठे दाबणार? अंग गेलं खाली, बोर्ड राहिला वर, वल्हं पण सोडलं. पाण्याखाली आवाज ऐकला मी. ठक असा. आणि सोडायच्या आधी मागे बघायचं असतं. मागे बघितलं नाही. का नाही बघितलं? कारण मागे तुम्ही होतात. मला माहीत होतं तुम्ही आहात. आणि मी फुगलो होतो. काका म्हणालात म्हणून तुमच्याकडे बघायचं नव्हतं मला. चोपन्न वर्षांचा घोडा!

तुम्ही म्हणाल, एक सीझन तर आहे, काय एवढं. तुम्हाला आहेत हो तीस. माझे किती आहेत? उभ्याचा बोर्ड मिळाला म्हणून आहेत ते, आणि गुडघे कधी सांगतील आता उभंही राहायचं नाही म्हणून, काय भरवसा? एक गेला की तो परत मिळणार नाही. भीती वाटते मला. त्या दिवशी सुरी हातात घेतली ना, ती या भीतीनं. धाकट्यालाही वाटली असेल, नाही? तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यानं मला शेडच्या मागे विचारलं होतं, ‘दादा, तू दोरी दाखवली नसतीस तर कोणाला कळलं असतं?’ आणि मी छाती काढून म्हणालो, ‘मला कळलं असतं.’ काय वाक्य! अकरा वर्षं मी ते लोकांना ऐकवतोय. हिला पाठ आहे. आणि परवा सुरी पिशवीत ठेवताना हेच आठवलं, आणि तरी ठेवली.

काय? कागद? कशाला, आता राहू द्या ना... पेन हे घ्या. अहो, काय लिहिताय? सही? थांबा, थांबा, आत्ता एवढं सगळं सांगितलं मी, ऐकू येतंय ना तुम्हाला, कानाला तर नव्हतं लागलं? दोरी मी कापली, बोर्ड मी सोडला, तुम्ही सहा आठवडे नळीनं पिणार, आणि तरी सही करताय? आणि ‘दोरी तुटली’ हे स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिलंत! का पण? देवमाणूस आहात का? वहीत लिहा. का ते लिहा. मला कळू दे.

... ‘तुमचं वय बघून.’

माझं वय! माझं वय बघून? अहो, तुम्ही स्वतःला समजता कोण? मी त्या पाण्यात होतो तेव्हा तुमचे दुधाचे दात पडायचे होते! वय बघून सोडणार मला? बसमध्ये उठून जागा देतात तसं? या, बसा काका, घ्या, दोरी तुटली म्हणा? इकडे द्या तो कागद. द्या म्हणतो ना! ... हे बघा. हे दोन तुकडे, हे चार. आणि हे सरळ फाडलेले नाहीत, बघून घ्या. एक सीझन बाहेर म्हणजे एक सीझन बाहेर, मलाही आणि कोणालाही. पुढच्या वर्षी या, मग दाखवतो वय.

हो, सिस्टर, निघालोच. मी नाही ओरडत, माझा आवाजच असा आहे. दोन मिनिटं, एक फोन करतो आणि जातो, बाहेर रेंज नाही तुमच्या. तुम्ही झोपा हो डॉक्टर, डोळे मिटा. तुमच्याशी नाही बोलत मी आता.

लागतोय. ... हां, मी. दादा. नाही, सगळे बरे आहेत, तुझी वहिनी पण बरी आहे. तू रविवारी सकाळी शेडवर ये. ... शेडवर, हो. अरे, पाण्यात नको उतरूस, नुसता ये, माझ्या शेजारी उभा राहा. एकाला बाहेर काढायचंय. बोर्ड सोडला, आणि वर दोरी कापून तुटली म्हणून सांगत फिरतोय. ... कोण म्हणजे? मी. मी रे, मी. ... हॅलो? ... ऐकतोयस ना? अरे, बोल की काहीतरी.